विसरभोळ्या गोकुळाचे वंशज

चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा घरभर शोधणारा माणूस दिसला, की आपल्या घरांतून अजूनही एक उद्गार हमखास ऐकू येतो : "आला आमचा विसरभोळा गोकुळ!" म्हणणाऱ्याने 'प्रेमसंन्यास' वाचलेले नसते, ऐकणाऱ्याने ते पाहिलेले नसते. जयंत कोण, लीला कोण, विधवाविवाहाचा प्रश्न त्या नाटकात कसा आला आहे, याचा दोघांनाही पत्ता नसतो. सारे नाटक विस्मरणात गेले आणि त्यातला विसरभोळा तेवढा लक्षात राहिला. खुद्द गडकऱ्यांनाही हा विनोद आवडला असता.

हा विषय आम्हांस सुचला त्याला कारण घरातील तरुण मंडळींचे बोलणे. भ्रमणध्वनीवर मालिका पाहता पाहता त्यांच्या तोंडी 'स्पिन-ऑफ' हा शब्द सारखा येतो. एखादी मालिका लोकप्रिय होते, तिच्यातील एखादे दुय्यम पात्र मुख्य नायकाहून अधिक जीव लावते, आणि मग त्या पात्राची निराळी मालिका निघते. स्पर्धापरीक्षांवरील 'अ‍ॅस्पिरंट्स' (२०२१) या हिंदी मालिकेतून निघालेली 'संदीप भैया' (२०२३) ही अशीच. मूळ झाडापासून निघून स्वतः जमिनीत रुजणाऱ्या या प्रकाराला आपल्या भाषेत 'पारंबी' हा शब्द चांगला शोभेल, असे आम्हांस वाटते. मुलांचा समज असा, की ही कल्पना परवाची आहे. आणि त्याहून ठाम समज असा, की मनाच्या दुखण्यांवर हसत हसत बोलणे ही तर अगदी आजचीच गोष्ट. दोन्ही समज खोडून काढावेत एवढ्याच हेतूने आम्ही लिहावयास बसलो होतो. लिहिता लिहिता दुसऱ्या समजापाशी अडखळलो.

'प्रेमसंन्यास' हे १९१२ सालचे नाटक. मूळ कथानक गंभीर, किंबहुना करुण. त्यात गोकुळ आणि त्याची पत्नी मथुरा ही जोडी प्रेक्षकांच्या घटकाभर विसाव्यासाठी आलेली. परंतु गावोगावच्या मेळ्यांनी आणि मंडळांनी काय केले, तर करुण कथानक बाजूस ठेवून गोकुळाचे प्रवेश तेवढे सोडवून घेतले. पाच अंकी नाटकाला लागणारी माणसे, पडदे, तालमी हौशी मंडळींना झेपत नसत. गोकुळाला एक उपरणे, एक मथुरा आणि थोडी दाढेची ताकद असली की पुरे. स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सव असो, कोजागरी असो, कार्यक्रमपत्रिकेवर 'नाट्यप्रवेश : विसरभोळा गोकुळ' ही ओळ असायचीच. पारंबी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पुढे तर तिने रंगभूमीही सोडली आणि ती थेट बोलीत रुजली.

गडकऱ्यांना पारंब्यांचे वावडे नव्हतेच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानीत, आणि कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मध्ये उभ्या केलेल्या सुदाम्याच्या पठडीतच गडकऱ्यांचा 'बाळकराम' जन्मास आला. गुरूच्या मानसपुत्राला शिष्याने दिलेला हा धाकटा भाऊ. कोल्हटकर जन्माने नागपूरचे, गडकरी जन्माने नवसारीचे; म्हणजे मराठी विनोदाची ही थोर जोडी आजच्या हिशेबाने निम्मी 'बाहेरची' ठरते, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना ऐकवायला बरे.

गडकऱ्यांनी 'वेड्यांचा बाजार' हे विनोदी नाटकही हाती घेतले होते. ते अपुरे राहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, सावनेर येथे त्यांचा अंत झाला. भोपाळहून बैतूल, मुलताई, पांढुर्णा करीत नागपूरला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने सावनेर पाहिलेले आहे. बहुतेकांनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिले आहे, एवढेच.

'वेड' हा शब्द मराठीने किती सैल हाताने वापरला आहे, याचा विचार करण्यासारखा आहे. नाटकाचे वेड असते, गाण्याचे वेड असते, शिवाजी महाराजांना 'ध्येयवेडे' म्हणणे हा गौरव असतो, आणि आई लेकीला "वेडी कुठली!" म्हणते तेव्हा त्यात माया असते. याच शब्दाने ज्याला साखळदंडात ठेवीत त्याचाही उल्लेख होई. आपल्या विनोदी नाटककारांनी यांपैकी पहिल्या वेडावर आयुष्य काढले. आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' १९३३ चे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार जोरात चालविला होता तो हा काळ. अत्र्यांनी नमस्कारांनी साऱ्या दुखण्यांवर मात करू पाहणारे रावबहादूर उभे केले आणि त्यांच्या घरात प्रत्येकाला कसले ना कसले वेड लावून दिले. प्रेक्षक पोट धरून हसले. पण हे वेड म्हणजे छंदाचा अतिरेक. त्यावर हसणे सोपे, कारण पडदा पडताच ते उतरते. न उतरणारे वेड रंगमंचावर आले ते क्वचित, आणि तेही बहुधा दुसऱ्या नावाने. 'एकच प्याला'तील तळीराम हे त्याचे सर्वांत धाडसी उदाहरण म्हणावे लागेल. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरात बडोद्यास हे नाटक रंगभूमीवर आले. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशांना लोक हसतात, हसत राहतात, आणि मग ज्याच्यावर आपण हसलो तो तळीराम रोगशय्येवर दिसतो. दारूचे व्यसन हा आजार आहे असे वैद्यकशास्त्र ठासून सांगू लागले त्याच्या कितीतरी आधी गडकऱ्यांनी विनोदी पात्राच्या अंगावर तो आजार चढविला. दुर्दैव असे, की तळीरामाच्याही पारंब्या निघाल्या त्या फक्त कोट्यांच्या. रोगशय्या कोणी उचलली नाही.

'प्रेमसंन्यास' ज्या वर्षीचे, त्याच १९१२ साली हिंदुस्थान सरकारने 'लुनसी अ‍ॅक्ट' केला. नाट्यगृहात एक वेड, कायद्यात दुसरे. या कायद्याच्या नजरेत मनोरुग्ण म्हणजे मुख्यत्वे समाजाला ज्याच्यापासून जपायचे तो इसम. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ चालला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये अमलात आला तेव्हा कोठे तो गेला.

आपल्या प्रांतापुरते बोलायचे, तर मनोरुग्णालये मराठी संस्थानांच्या वाट्याची. शिंद्यांच्या ग्वाल्हेरीतील मानसिक आरोग्यशाळा १९३५ ची. इंदुरास बाणगंगेचे रुग्णालय. नबाबांच्या भोपाळात असे काही नव्हते. त्यामुळे मुंबईकर जसे एकमेकांना "ठाण्याला पाठवा" म्हणत, पुणेकर "येरवड्याला", तसे आपल्याकडचे लोक आपापल्या मूळ गावाप्रमाणे ग्वाल्हेरचे किंवा बाणगंगेचे नाव घेत. हिंदी शेजारी आग्रा व रांचीवर भागवीत. गावाचे नाव घेतले की विनोद झाला. त्या नावाच्या भिंतीआड काय होते, याची चौकशी फार उशिरा झाली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तिन्ही रुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. तीनपैकी तीन नावे आपल्या थट्टेच्या यादीतली निघावीत, हा योगायोग आम्हांस सुखाचा वाटत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली. नागपूरच्या सचिवालयातून, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतून मराठी कुटुंबे येथे आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने पिपलानीकडे आणखी भर घातली. तात्या टोपे यांच्या नावाच्या नगरात सरकारी घरे मिळाली आणि त्या घरांच्या मागल्या अंगणांत तुळशीवृंदावनांच्या जोडीने नाटकाच्या तालमीही सुरू झाल्या. नेमक्या त्याच सुमारास, १९५७ मध्ये, पुण्यास प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'वेड्याचं घर उन्हात' केले. भालबा केळकरांचे दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागूंची प्रमुख भूमिका, आणि विषय एका मनाच्या आतली उलथापालथ. मराठी रंगभूमीने अखेर ते दार उघडले होते. येथील मंडळींनी ते नाटक वाचले, वाखाणले आणि गणेशोत्सवात पुन्हा गोकुळच केला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. नव्या गावात, अनोळखी भाषेत दिवसभर फायली रेटून आलेल्या माणसांना हसायचे होते.

आमचे थोरले काका हे त्या काळातले येथील गोकुळ. नागपूरहून पहिल्या वर्षीच आलेले, सचिवालयात लेखाशाखेत. उपरण्याच्या पदराला पाच-सहा गाठी मारून ते मंचावर येत, एकेक गाठ हातात घेत, ती कशासाठी मारली ते आठवू लागत, आणि चेहऱ्यावर असा काही भाव आणीत, की पहिल्या रांगेत बसलेले बंगाली व पंजाबी शेजारीही मराठीचा गंध नसताना हसून लोळत. निदान दहा गणेशोत्सव त्यांनी तो प्रवेश केला. कॉलनीत त्यांना नावाने कमी आणि गोकुळ म्हणूनच अधिक ओळखीत.

निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांनी काका खरोखर विसरू लागले. प्रथम किल्ल्या, मग बाजारातून आणावयाच्या वस्तू, मग बाजारातून घरी येण्याचा रस्ता. आम्ही सारे हसलो. आज हे लिहिताना हात जड होतो. पण इतिहास लिहावयाचा तर तो स्वतःच्या घराचाही लिहिला पाहिजे. काका पोस्टात जाऊन परत येताना तिसऱ्याच्याच घरात शिरले, त्या संध्याकाळी सारी आळी हसली, आणि सर्वांत मोठ्याने हसलो ते आम्ही. "भूमिका अंगी भिनली" हे वाक्य तेव्हा कोणी ना कोणी रोज म्हणे. काकाही हसत. त्यांना वाटे, प्रवेश चालू आहे. दोन-अडीच वर्षे आम्ही या विनोदात घालविली. डॉक्टरांना दाखवावे हे काकूंच्या मनात आले होते. पण त्यांनी ते बोलून दाखविले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी "साठी बुद्धी नाठी, याला कसले औषध" म्हणून विषय मिटविला. आपल्या भाषेत म्हाताऱ्याच्या विस्मृतीसाठी 'म्हातारचळ' हा शब्द आहे. त्यात आजार कोठेच नाही, फक्त चळ आहे. जर्मनीत आलोईस आल्झायमर यांनी या व्याधीचे वर्णन १९०६ मध्येच करून ठेवले होते, म्हणजे गोकुळ रंगभूमीवर येण्याच्या सहा वर्षे आधी. आमच्या टी. टी. नगरात ते पोहोचायला नव्वद वर्षे लागली.

गोकुळावर हसणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. गडकऱ्यांचा गोकुळ तरणाताठा आहे, संसारी आहे, त्याचे विसरणे हा त्याचा स्वभाव आहे. चूक झाली ती एवढीच, की आमच्यापाशी शब्द एकच होता, आणि तो विनोदाने आधीच अडवून ठेवला होता.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, याच काळात, एक फार मोठे दुखणे असेच नावावाचून राहिले होते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. वारा जुन्या शहराच्या दिशेचा. आपल्यापैकी बहुतेकांची घरे नव्या भोपाळात, म्हणून आपण वाचलो. फुप्फुसे आणि डोळे यांची दुखणी डॉक्टरांना दिसत होती. मनाची दुखणी पाहावयास माणूसच नव्हता. त्या काळी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अध्यापकवर्गात मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, अशी नोंद बंगळुरूच्या 'निम्हान्स'चे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी केली आहे. १९८५ च्या फेब्रुवारीत लखनौहून डॉ. बी. बी. सेठी यांचे पथक आले. वायुग्रस्त वस्त्यांतील साध्या दवाखान्यांत रांग लावून बसलेल्या ८५५ रुग्णांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी १९३ जण, म्हणजे शेकडा २२.६, निश्चित मनोविकाराने ग्रासलेले आढळले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ही माणसे वेडी नव्हती. ती झोपत नव्हती, दचकत होती, रडत होती, अंगातले त्राण गेले म्हणत होती. मूर्तींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मग येथल्या सुमारे पन्नास वैद्यकीय अधिकाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचे प्राथमिक शिक्षण दिले आणि त्यासाठी एक मार्गदर्शिकाही तयार झाली. साध्या डॉक्टरांच्या हाती मनाच्या दुखण्याची वही देण्याचा हा प्रयोग देशात महत्त्वाचा मानला जातो. परंतु त्याच दवाखान्यांच्या बाहेर बोलले जात होते ते वेगळेच : नुकसानभरपाईसाठी ढोंगे करतात. आपल्या दिवाणखान्यांतही ते बोलले गेले. कोणी नाकारू नये.

भोपाळच्या त्या दुःखावर विनोद होणे शक्य नव्हते, आणि झाला नाही हे योग्यच झाले. पण मनाच्या दुखण्याबद्दल बोलण्याची दुसरी रीतही आपल्याला ठाऊक नव्हती, म्हणून आपण गप्प बसलो.

हसण्याची जागा बदलू लागली ती पुढे, आणि ती दूरचित्रवाणीने बदलली असे आमचे मत आहे. चिं. वि. जोशी बडोद्याचे, म्हणजे पुन्हा आपल्यासारखेच सीमेपलीकडचे. त्यांच्या चिमणरावांना मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी देह दिला, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. भोपाळात मुंबई केंद्र दिसत नसे. सुटीत मुंबईला गेलेली मुले येऊन नकला करून दाखवीत, तेवढेच आमचे दर्शन. चिमणराव भित्रे, धांदरट, नाना शंकांनी पछाडलेले. प्रेक्षक त्यांना हसतो, पण त्यांना सोडून घरी जावेसे त्याला वाटत नाही. याच प्रभावळकरांनी १९९१ मध्ये 'चौकट राजा'तील नंदूची भूमिका केली. बुद्धीची वाढ खुंटणे आणि मनाचा आजार या भिन्न गोष्टी आहेत, त्या एकात मिसळू नयेत. तरीही चिमणरावावर हसलेला प्रेक्षक नंदूपाशी येऊन हसू आवरतो, हा प्रवास त्या एकाच नटाच्या चेहऱ्यावर वाचता येतो.

हिंदीत १९८९ च्या सुमारास 'मुंगेरीलाल के हसीन सपने' आली. मनोहर श्याम जोशींचे लेखन, प्रकाश झांचे दिग्दर्शन, आणि मुंगेरीलाल झालेले रघुवीर यादव आपल्या जबलपूरचे. दिवसाढवळ्या स्वप्नात शिरणाऱ्या कारकुनाची ही गोष्ट. तिचे बीज अमेरिकन विनोदकार जेम्स थर्बर यांच्या १९३९ मधील वॉल्टर मिटीच्या कथेत आहे. गोकुळ जसा मराठीत, तसा मुंगेरीलाल हिंदीत वाक्प्रचार झाला आणि मिटी इंग्रजी शब्दकोशात गेला. मनाच्या एकेका खोडीला माणसाचे नाव देणे, ही सर्वच भाषांची सवय दिसते. मुंगेरीलालची तर खरीखुरी पारंबीही निघाली : 'मुंगेरी के भाई नौरंगीलाल', राजपाल यादव यांची. ती मूळ झाडाएवढी झाली नाही. पारंब्यांचे बहुधा असेच होते. गोकुळ हा अपवाद.

हेच रघुवीर यादव तीस वर्षांनी आपल्या दाराशी आले. भोपाळपासून जवळच, सीहोर जिल्ह्यातील महोडिया गावात 'पंचायत' या मालिकेचे चित्रण झाले आणि तेथील पंचायत कचेरी पाहावयास लोक आता सहकुटुंब जातात. २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका हसरी, मंद, गावंढळ चालीची. तीत प्रह्लाद नावाचा उपप्रधान आहे. फैसल मलिक यांनी तो केला आहे. आरंभी तो निव्वळ हसविण्यासाठी आहे, गोकुळासारखाच जोडीला घेतलेला. दुसऱ्या भागाच्या शेवटी, २०२२ मध्ये, त्याचा सैन्यातला तरुण मुलगा मारला जातो. आम्हांस वाटले, लेखक पुढच्या भागात सारे आवरून पुन्हा हसवू लागतील. २०२४ च्या तिसऱ्या भागात त्यांनी तसे केले नाही. प्रह्लाद घरी जात नाही, कोठेही पडून राहतो, पीत राहतो, आणि गावची माणसे त्याला न उपदेशता त्याच्या भोवती वावरत राहतात. विनोद चालूच असतो. फक्त तो प्रह्लादावर होत नाही, त्याच्या शेजारी होतो. तळीरामाची रोगशय्या शंभर वर्षांनी कोणीतरी उचलली ती अशी, आणि तीही आपल्या गावकुसाबाहेर.

मराठीतही हे घडले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' (२००४), 'अस्तु' आणि 'कासव' हे तीन चित्रपट मनाच्या दुखण्यांवर केले. 'कासव'ला २०१६ चे सुवर्णकमळ मिळाले. 'अस्तु'तील विस्मृतीग्रस्त संस्कृत पंडित डॉ. मोहन आगाशे यांनी केला, जे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. (आपल्या रंगभूमीला डॉक्टरांचे एवढे वेड का, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मनाचे.) 'कासव'मध्ये आयुष्य नकोसे झालेला मुलगा आलोक राजवाडे यांनी केला, आणि त्यांनीच २०२२ मध्ये 'शांतीत क्रांती' या विनोदी वेब मालिकेत मनःशांतीच्या शोधात निघालेल्या तीन मित्रांपैकी एक रंगविला. मूळ आणि पारंबी असे हे नाते नव्हे. तरी करुण आणि विनोदी या दोन्ही वाटा आता एकाच नटाला, एकाच विषयावर खुल्या आहेत, ही गोष्ट 'प्रेमसंन्यास'च्या काळी कल्पनेतही नव्हती. ती मालिका आम्हांस थोडी आरडाओरडीची वाटली, हेही सांगून टाकतो.

शासनानेही मागे राहू नये म्हणून असेल, मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये 'आनंद विभाग' स्थापन केला. देशात असा विभाग काढणारे हे पहिले राज्य. सचिवालयात आयुष्य काढलेल्या आमच्या पिढीला आनंदाची फाईल कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जात असेल या विचारानेच बराच आनंद झाला. काका असते तर त्यांनी त्यावर एक प्रवेश नक्की बसविला असता.

यंदा येथील एका मंडळाच्या तरुणांनी गोकुळाचा प्रवेश पुन्हा करावयाचे ठरविले. आम्ही विरोध केला. बैठकीत वाद झाला. आमचे म्हणणे, घराघरांत असे रुग्ण आहेत, त्यांच्या माणसांना काय वाटेल. मुलांनी ऐकून घेतले आणि आठ दिवसांनी निराळाच कागद आणला. गोकुळाऐवजी मथुरा. नवऱ्याला खरोखरचे विस्मरण झाले आहे, आणि मथुरा ते सारे स्वतः सांगते आहे. कोठे हसत, कोठे त्रासून. गडकऱ्यांचे एकही वाक्य त्यात घेतलेले नव्हते. आम्ही तो कागद काकूंना दाखविला. त्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे, पण वाचायला चष्मा लागतो तेवढाच. त्यांनी दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी एके ठिकाणी हसल्या.

मग त्यांनी एक दुरुस्ती सांगितली. मुलांनी गाठी गोकुळाच्या उपरण्याला दाखविल्या होत्या. काकू म्हणाल्या, "उपरण्याला गाठी स्टेजवर. घरात गाठी माझ्या पदराला असायच्या. त्यांनी जे जे विसरायचं, ते मला लक्षात ठेवायचं असायचं ना." मुलांनी ती दुरुस्ती लिहून घेतली आहे. तालमी शनिवारपासून आहेत.